अँग्लो-कॅथलिक पॅरिशमधला नवा याजक: स्वतःची प्रार्थना कधी करायची आणि चारचौघांत किती दिसायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही नगरकडच्या, अमेरिकन मिशनच्या वळणात वाढलात. इंग्लंडमध्ये शिकलात, गेल्या वर्षी डीकन (याजकपदाच्या आधीची पायरी) झालात आणि सध्या उत्तर इंग्लंडमधल्या एका कामगार वस्तीतल्या अँग्लो-कॅथलिक (चर्च ऑफ इंग्लंडमधल्या, पण कॅथलिक वळणाच्या) पॅरिशमध्ये क्युरेट, म्हणजे साहाय्यक, आहात. जूनअखेरीस, संत पेत्राच्या सणाच्या सुमारास, याजकपदाची दीक्षा आहे. तुमचे व्हिकर, म्हणजे पॅरिशचे मुख्य याजक, काही गोष्टींवर ठाम आहेत: सकाळ-संध्याकाळची प्रार्थना चर्चमध्येच, आठवड्यातले बहुतेक दिवस मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी), रस्त्याने जाताना कॅसॉक (याजकाचा पायघोळ झगा), शनिवारी पापांगीकारासाठी, म्हणजे लोकांची पापांची कबुली ऐकायला, बसणं. तुम्हाला हे सगळं दाखवण्यापुरतं वाटतं. आणि स्वतःची एकांतातली प्रार्थना मात्र अंत्यविधी, शाळा, बैठका आणि घरातलं आठ महिन्यांचं बाळ यांच्या रेट्यात राहूनच जाते. म्हणून तुम्ही विचारलंय की आपण ढोंग करतोय का.

ढोंग करणारा माणूस सहसा हा प्रश्न विचारत नाही. पण तुमच्या मांडणीत एक गडबड आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. तुम्ही दोन खाती उघडली आहेत, एक ‘माझी प्रार्थना’ आणि दुसरं ‘पॅरिशचं काम’. चर्चमधली सकाळची प्रार्थना तुम्ही दुसऱ्या खात्यात टाकता आणि पहिलं रिकामं राहिलं म्हणून हळहळता. या परंपरेत हिशेब असा मांडतच नाहीत. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, मिस्सा आणि त्या दोन्हींची तयारी हीच याजकाची स्वतःची प्रार्थना. ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दार उघडं ठेवून होते, म्हणून लोकांना दिसते एवढंच. तिला पाठीमागून आधार देणाऱ्या दोन-तीन गोष्टी लोकांना दिसत नाहीत. त्या सुटल्या की मात्र दिसणारा भाग खरोखरच नाटक होतो. तुमच्या बाबतीत तेच होत असावं, असा माझा अंदाज आहे.

बरंच काही परिस्थितीवर आहे, हे आधीच सांगतो. तुमच्याकडे एकच चर्च आहे की चार, आठवड्याच्या मिस्सेला तीन माणसं जमतात की नाही, पत्नी नोकरी करते का, रात्री बाळासाठी कोण उठतं, यावर खालचं वेळापत्रक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल. क्रम मात्र बदलू नका.

सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सुरुवात करू. ही व्हिकरांची हौस नव्हे. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमावलीतला सी २६ हा नियम प्रत्येक दीक्षित सेवकाला, म्हणजे आज डीकन असलेल्या तुम्हालाही, लागू आहे. आजारपण किंवा तसंच तातडीचं कारण नसेल तर दोन्ही वेळची प्रार्थना रोज म्हणायची, एकट्याने नाहीतर उघडपणे. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाची प्रस्तावना तर आणखी पुढे जाते: पॅरिशच्या याजकाने ती चर्चमध्येच म्हणावी आणि लोकांना येता यावं म्हणून आधी घंटा वाजवावी. तेव्हा ज्याला तुम्ही ‘अँग्लो-कॅथलिक थाट’ म्हणता, त्यातला पहिला भाग सरळ प्रार्थनापुस्तकातलाच आहे. चर्च ऑफ इंग्लंडला पुन्हा कॅथलिक वळणाकडे नेणाऱ्या, १८३३ नंतरच्या ऑक्सफर्ड चळवळीने तो नव्याने शोधला नाही. विसरलेली आज्ञा पाळायला घेतली, इतकंच.

ती म्हणायची कशी, यावर सगळं अवलंबून आहे. व्हिकरांबरोबर एक वेळ पक्की करा, समजा साडेसात, आणि वर्षभर ती हलवू नका. सातला एकदा, आठला एकदा असं झालं की तिसऱ्या आठवड्यात येणारी दोन माणसं गळतात आणि चौथ्या आठवड्यात तुम्ही. पुस्तकातल्या खुणा आदल्या रात्रीच लावून ठेवा. सकाळी पानं चाळण्यात गेलेली पाच मिनिटं मनाची घडी मोडतात. स्तोत्र दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणा आणि प्रत्येक ओवीच्या मध्यावर एका श्वासाइतकं थांबा. बहुतेक नवे लोक नेमके इथेच पळतात. तो थांबा गेला की स्तोत्र म्हणजे यादीचं वाचन होतं. दोन धडे, स्तोत्रं, जखऱ्याचं गीत आणि विनंत्या मिळून साधारण पंचवीस मिनिटं लागायला हवीत. पंधरा मिनिटांत आटपत असेल तर तुम्ही धावताय.

प्रार्थनापुस्तकाच्या जुन्या पद्धतीत दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत पूर्ण होतात. महिन्याच्या पंधराव्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र एकटंच येतं, लांबलचक. त्या संध्याकाळी कंटाळा येणारच, येऊ द्या. ज्या दिवशी तुमचं मन आनंदात आहे त्या दिवशी विलापाचं स्तोत्र तोंडात येतं, आणि विलापाच्या दिवशी स्तुतीचं. यामागे अर्थ आहे. त्या घडीला पॅरिशमध्ये कोणी ना कोणी त्या स्तोत्राच्या जागी उभं असतं, आणि तुम्ही ते त्याच्या वतीने म्हणता. ही प्रार्थना तुमच्या मनःस्थितीवर सोडलेली नाही, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

एखादी वेळ चुकली तर चुकली. सकाळची राहिली म्हणून रात्री दोन्ही एकदम म्हणू नका, पुढची वेळ पाळा. उधारी साठवायची सवय लागली की आठवड्याभरात सगळंच टाकून द्यावंसं वाटतं. मोबाइलवरून म्हणणं आगगाडीत ठीक. चर्चमध्ये मात्र छापील पुस्तकच हवं, नाहीतर प्रार्थना संपण्यापूर्वी कुणाचा तरी मेसेज वाचून होतो.

आता न दिसणारा भाग. पहिली गोष्ट मूक मनन. अर्धा तास आदर्श, तुमच्या घरच्या परिस्थितीत वीस मिनिटं पुरे. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या शुभवर्तमानातला उतारा वाचून झोपा. सकाळी पाच मिनिटं नुसतं स्थिर बसा, दहा-बारा मिनिटं त्या उताऱ्यातल्या एकाच प्रसंगाजवळ थांबा, शेवटची काही मिनिटं ख्रिस्ताशी आपल्या शब्दांत बोला आणि त्या दिवसापुरती एकच ठोस गोष्ट ठरवून उठा. ‘अधिक प्रेमळ होईन’ ही ठोस गोष्ट झाली नाही. ‘अमक्या आजींना आज फोन करीन’ ही झाली. इथे हमखास बिघडतं ते असं की मननाचं रूपांतर प्रवचनाच्या तयारीत होतं. एखादा चांगला मुद्दा सुचतो आणि माणूस मनातल्या मनात व्यासपीठावर चढतो. शेजारी कागद ठेवा, दोन शब्द टिपा आणि परत उताऱ्याकडे या.

पहाटेची वेळ बाळामुळे जमणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग पहाटेचा हट्ट नको. पत्नीशी बोलून ठरवा, कारण तिच्या झोपेच्या जिवावर तुमची साधना उभी राहणं बरं नव्हे. विवाहित याजकांपुढे दोन सोयीच्या वेळा असतात: मिस्सेनंतर लगेच, तिथेच चर्चमध्ये, किंवा दुपारी घरभेटींना निघण्याआधी. पहिली अधिक टिकते, कारण त्यासाठी वेगळं कुठे जावं लागत नाही.

दुसरी न दिसणारी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत निर्णायक, म्हणजे तुमचा स्वतःचा पापांगीकार. तुम्ही शनिवारी बसण्याबद्दल विचारलंत, स्वतः जाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. क्रम उलटा हवा. दर चार ते सहा आठवड्यांनी, आणि नाताळ, पुनरुत्थान दिन व दीक्षेपूर्वी तर नक्कीच, एका ठरलेल्या याजकाकडे जा. तो तुमचा व्हिकर नसावा. व्हिकर तुमच्याबद्दल बिशपना अहवाल देतात. त्यांच्याकडे पापांगीकार केलात तर एक तर तुम्ही हातचं राखून बोलाल, नाहीतर अहवाल लिहिताना त्यांची पंचाईत होईल. शेजारच्या डीनरीतला (पॅरिशांच्या गटातला) किंवा एखाद्या मठातला अनुभवी याजक शोधा. तयारीला वीस मिनिटं पुरतात: मागच्या वेळेपासून काय घडलं ते कागदावर, नावं न लिहिता, थोडक्यात टिपा आणि नंतर कागद फाडून टाका. स्पष्टीकरणं देऊ नका. ‘दमलो होतो म्हणून’ हे वाक्य पापांगीकारात नसतं.

तुमच्या प्रॉटेस्टंट वळणात हे रोमन कॅथलिक वाटणार, म्हणून आधार सांगतो. प्रार्थनापुस्तकातल्या प्रभुभोजनाच्या आवाहनात म्हटलंय की ज्याचं मन शांत होत नाही त्याने याजकाकडे येऊन दुःख उघड करावं. आजाऱ्याच्या भेटीच्या विधीत तर याजकाने म्हणायचं पापमोचनाचं वाक्य स्पष्ट छापलेलं आहे. अँग्लिकन लोकांत याविषयी एक जुनी म्हण आहे: मुभा सगळ्यांना, सक्ती कोणावर नाही, काहींनी मात्र करावाच. याजक त्या ‘काहीं’मध्ये येतो असं मी मानतो. दुसऱ्याचं ऐकायला बसणाऱ्याला स्वतः गुडघे टेकण्याची लाज ठाऊक नसेल तर तो एक तर कोरडा वागतो, नाहीतर नको तिथे चौकस होतो.

तुम्ही आज डीकन आहात. दीक्षा होईपर्यंत तुम्हाला पापमोचन देता येत नाही. कोणी मन मोकळं करायला आलं तर ऐका, प्रार्थना करा आणि याजकाकडे घेऊन जा. दीक्षेनंतर लगेच एकट्याने बसू नका. आधी प्रशिक्षण घ्या. पापांगीकाराच्या गुप्ततेचं बंधन १६०३ च्या नियमांतल्या ११३ व्या कलमाच्या पुरवणीत आहे आणि ते आजही लागू आहे. पण बालअत्याचाराच्या चौकशी आयोगाने २०२२ च्या अंतिम अहवालात पापांगीकारात कळलेली गोष्टही कळवणं सक्तीचं करावं अशी शिफारस केली, तेव्हापासून हा विषय तापलेला आहे. आजचा कायदा आणि तुमच्या डायोसिसची (बिशपच्या प्रांताची) सूचना दोन्ही लेखी मागून घ्या आणि वाचूनच बसा.

बसायचं कसं? दार उघडं असलेल्या चर्चमध्ये, दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, सरप्लिस (वरून घालायचा पांढरा झगा) आणि जांभळा स्टोल (गळ्यातला लांब पट्टा) घालून. फलकावर वेळ स्पष्ट लिहा, ‘शनिवारी ५ ते ६’. महिनोन्‌महिने कोणी येणार नाही, तरी तो तास बसायचं, स्तोत्रं वाचत. लोक तुम्हाला बसलेलं पाहून ठेवतात आणि घरात मृत्यू झाला, लग्न मोडलं, की त्यांना जागा आठवते. आलेल्या माणसाला सल्ला दोन-तीन वाक्यांत द्या, प्रायश्चित्त म्हणून एखादं स्तोत्र किंवा छोटी प्रार्थना पुरे. समुपदेशनाची गरज दिसली तर त्यासाठी वेगळी वेळ द्या, आणि तिथे पापांगीकारातला विषय तुम्ही होऊन काढू नका.

आता मिस्सा. ‘रोज’ हा शब्द जपून वापरा. १६६२ च्या पुस्तकात स्पष्ट आहे की याजकाबरोबर किमान तिघे सहभागी असल्याशिवाय विधी करू नये. म्हणून आठवड्याची मिस्सा म्हणजे आधी तीन माणसांची जुळवाजुळव. दोन दिवसांनी सुरुवात करा, समजा मंगळवार आणि गुरुवार, आणि एकदा जाहीर केलेली मिस्सा कधीही रद्द करू नका. सुट्टीच्या दिवसासाठी शेजारच्या याजकाशी अदलाबदल करून ठेवा. चार-सहा माणसं स्थिर झाली की तिसरा दिवस वाढवा.

मिस्सेच्या आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं तुमची. आधीच्या दहा मिनिटांत त्या दिवशी ही मिस्सा कोणासाठी, ते नावानिशी ठरवायचं. वस्त्रं घालताना, म्हणजे अॅमिस, आल्ब, कमरेची दोरी, स्टोल आणि शेवटी चॅझुबल, प्रत्येकासाठी एक छोटी जुनी प्रार्थना आहे. ती कार्डावर लिहून कपाटाच्या दाराला लावा. सॅक्रिस्टीत, म्हणजे वस्त्रं घालायच्या खोलीत, गप्पा सुरू झाल्या की ही दहा मिनिटं पहिली जातात. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांना आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या वॉर्डनना एकदाच प्रेमाने सांगून टाका की निघण्यापूर्वी पाच मिनिटं इथे शांतता. हिशेब, चाव्या, फुलांची बिलं सगळं नंतर.

वेदीवरच्या हालचाली दीक्षेआधी महिनाभर शिका, रिकाम्या प्याल्यावर. कोणाचा आवेश नको, कोणाची नक्कल नको; हात खांद्यांच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका, नजर पुस्तकावर किंवा वेदीवर ठेवा. प्रवचनाशिवायची साधी मिस्सा पंचवीस ते तीस मिनिटांत व्हावी. सगळ्यात जास्त गोंधळ शेवटी, पात्रं स्वच्छ करताना होतो, म्हणून तेवढं सविस्तर सांगतो. वेदीवर पसरलेलं कॉर्पोरल नावाचं चौकोनी तागाचं कापड आधी तीन आणि मग तीन असं आतल्या बाजूला दुमडतात, म्हणजे घडी उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात. आतल्या बाजूला दुमडण्याचं कारण पडलेले भाकरीचे कण आतच राहावेत हे आहे. म्हणून ते कधी झटकायचं नाही आणि उचलताना उलथायचं नाही. थाळीतले कण अंगठ्याने अलगद प्याल्यात उतरवा. प्याल्यातला उरलेला द्राक्षारस प्या. मग अंगठा आणि तर्जनी प्याल्यावर धरा, मदतनीस त्यावर थोडा द्राक्षारस आणि पाणी ओतेल. बोटं पुसा, ते प्या, प्याला पुसा. कॉर्पोरल धुण्यापूर्वी साध्या पाण्यात बुचकळून ते पाणी सॅक्रेरियममध्ये (थेट जमिनीत जाणाऱ्या खास कुंडात) किंवा स्वच्छ मातीत ओततात, मोरीत नाही. नव्या माणसाची घाई इथे उघडी पडते. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायका शब्द विसरतात, पण तुम्ही ते कण कसे हाताळलेत हे त्यांच्या लक्षात राहतं. त्यावरून तुम्ही समोर काय आहे असं मानता, ते त्यांना कळतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: दोन वेळची प्रार्थना न हलणाऱ्या वेळी, मनन वीस मिनिटं, मिस्सेच्या आगेमागे दहा-दहा मिनिटं, आणि महिना-दीड महिन्याने स्वतःचा पापांगीकार. मिस्सा धरून सगळं मिळून दिवसाचे दोन-अडीच तास होतात. हा वेळ कामातून चोरलेला नाही, तो तुमच्या कामाचा पहिला भाग आहे. डायरीत तो अंत्यविधीसारखाच शाईने लिहा. शाळेचा फोन आला तर ‘मला साडेसातला काम आहे’ म्हणायला संकोचू नका.

दुपार घरभेटींची. इथेच प्रार्थना आणि सेवा एकमेकांत मिसळतात. पॅरिशमधल्या रस्त्यांची यादी करा आणि रोज एका रस्त्याचं नाव सकाळच्या विनंत्यांत घ्या. आठवडाभर आधी त्या रस्त्यावरच्या घरांत चिठ्ठी टाका: अमुक दिवशी आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहोत, कोणाचं नाव घ्यायचं असेल तर कळवा. मग त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर फिरा. एका दुपारी चार-पाच घरं पुष्कळ झाली. घरातून बाहेर पडल्यावर, पुढच्या दारावर टकटक करण्याआधी, वहीत नाव आणि एक ओळ लिहा. हीच वही उद्या सकाळी तुमच्या हातात असेल. अशी वही नसलेल्या याजकाच्या विनंत्या लवकरच ‘सर्व आजारी लोकांसाठी’ एवढ्यावर येतात.

आजाऱ्याकडे प्रभुभोजनाचा प्रसाद नेताना पिक्स, म्हणजे प्रसादाची छोटी डबी, गळ्यातल्या पिशवीत, अंगाला लागून ठेवा आणि वाटेत गप्पा, दुकान, फोन काही नको. घरच्यांना आधी फोन करून स्वच्छ रुमाल, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी तयार ठेवायला सांगा. गिळता येतं का, हे आवर्जून विचारा. येत नसेल तर अगदी लहान कण चमचाभर पाण्याबरोबर. आजाऱ्याला लावायचं अभ्यंगाचं तेल पवित्र गुरुवारी किंवा त्या सुमारास बिशपनी आशीर्वादित केलेलं असतं. बाटलीत जुनं-नवं मिसळू नका. जुनं जाळून टाकतात.

कॅसॉकबद्दल तुमच्या मनात जास्तच किंतु दिसतो. त्यामागचा इतिहास बघा. लंडनच्या गोदी भागात चार्ल्स लोडर काम करत होते, तिथे १८६६ मध्ये कॉलरा आला. ते आणि त्यांचे सहकारी घराघरांत शिरले, आणि पुढे त्यांना लोक ‘फादर’ म्हणू लागले असं सांगतात. चर्चमधल्या विधींवर नियंत्रण आणणाऱ्या १८७४ च्या कायद्यानंतर वस्त्रं आणि विधींच्या खटल्यांत पाच याजकांनी तुरुंग पाहिला. त्यांतले सिडनी ग्रीन मँचेस्टरच्या माइल्स प्लॅटिंगचे, म्हणजे तुमच्यासारख्याच कामगार वस्तीतले. १८८१-८२ मध्ये वीसेक महिने ते लँकेस्टरच्या किल्ल्यात बंद होते. या लोकांच्या कपड्यांना वजन आलं ते त्या गल्ल्यांमुळे. झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन यांनी १९२३ च्या अँग्लो-कॅथलिक अधिवेशनात हेच ठणकावून सांगितलं: टॅबरनेकलपुढे (प्रसाद ठेवायच्या पेटीपुढे) गुडघे टेकणाऱ्याला झोपडपट्टीतल्या ख्रिस्ताची दया येत नसेल तर त्या गुडघे टेकण्याला अर्थ नाही.

म्हणून माझा नियम सोपा आहे. ज्या कपड्याने तुम्ही लोकांना सापडता तो घाला. शाळेच्या दारात, बसथांब्यावर, दवाखान्यात कॅसॉक घातलेला माणूस पाहून अनोळखी लोक थांबवतात आणि आईच्या आजारपणाचं सांगतात. ते स्वेटर घातलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. पण सुपरमार्केटमध्ये स्वतःला आरशात पाहावंसं वाटू लागलं तर आठवडाभर नुसती याजकाची पांढरी कॉलर वापरा. कॅसॉक दोन ठेवा, एक रस्त्यासाठी स्वस्त मिश्र कापडाचा, एक चर्चसाठी. दफनभूमीचा चिखल वेदीपर्यंत न्यायचा नसतो. सायकल चालवणार असाल तर घेर बांधायला पट्टा घ्या. सुट्टीच्या दिवशी मात्र पूर्ण साधे कपडे आणि फोन बंद. त्या दिवशी बाळाला घेऊन उद्यानात जाणारा माणूस बाप असतो.

हे सगळं मराठी माणसाला परकं आहे, या तुमच्या वाक्याशी मी सहमत नाही. पुण्याचं पंचहौद मिशन आपल्याला १८९० च्या त्या गाजलेल्या चहामुळे आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यावरच्या ग्रामण्यामुळे माहीत आहे. पण ते मिशन ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या फादरांचं आणि वाँटेजच्या भगिनींचं, या अँग्लिकन मठवासी मंडळींचं, म्हणजे थेट याच परंपरेतलं होतं. नेहेम्या गोरे, पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, त्याच काउलीच्या मंडळीशी जोडलेले होते. दुसरीकडे तुमच्या शंकेलाही मराठी परंपरा आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेजला झाला आणि त्याच भगिनींशी त्यांनी अधिकाराच्या प्रश्नावर पत्रांतून कडाडून वाद घातला. रमाबाई चर्चमध्ये राहूनच भांडत होत्या. तुम्हालाही व्हिकरांशी तसं बोलता येईल.

कोरडेपणाबद्दल. प्रार्थनेत काहीच वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाटलंच पाहिजे असं कोणी सांगितलं? कोरड्या काळात प्रार्थना वाढवू नका आणि कमीही करू नका. तेवढीच करा आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाला सांगा. फक्त एक फरक ओळखा. झोप उडाली, भूक मेली, बाळाकडे बघूनही काही वाटेनासं झालं, तर तो आध्यात्मिक कोरडेपणा नसेल. आधी डॉक्टरकडे जा. घरात तान्हं बाळ असताना बापालाही नैराश्य येऊ शकतं, आणि त्यावर स्तोत्रं हा उपाय नव्हे.

दीक्षेआधी बिशप सहसा दोन-तीन दिवसांचा एकांतवास ठेवतात. तिथे स्वतःसाठी एका पानाचा जीवननियम लिहा, सात-आठ ओळींचा: प्रार्थनेच्या वेळा, मनन, पापांगीकार किती आठवड्यांनी, उपवासाचे दिवस, वाचन, दान, सुट्टी, वर्षातून एक पाच-सहा दिवसांचा एकांतवास. वाईट आठवड्यातही पाळता येईल इतकाच लिहा. उत्साहात लिहिलेले नियम आगमनकाळापर्यंत, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपर्यंत, टिकत नाहीत. पत्नीला वाचायला द्या, तिने एखादी ओळ खोडली तर खोडू द्या. मग मार्गदर्शकाला दाखवा आणि वर्षभर हात लावू नका.

शेवटचा तुमचा प्रश्न असा होता की तीन-चार वर्षांनी एखादी साधी, मध्यममार्गी पॅरिश मिळाली, जिथे धूप नाही आणि आठवड्याची मिस्साही नाही, तर यातलं काय सोबत न्यायचं. पहिल्या वर्षी काहीही बदलू नका. धूपदाणी विकत घेऊ नका, वेदी सरकवू नका, फलकावर पापांगीकाराची वेळ लावण्याची घाई करू नका. फक्त रोज सकाळी चर्चचं दार उघडा, घंटा वाजवा, मोठ्याने प्रार्थना म्हणा आणि दुपारी रस्त्यांची यादी घेऊन बाहेर पडा. यासाठी पीसीसीचा (पॅरिशच्या कारभारी समितीचा) ठराव लागत नाही. बाकी हवं असेल तर लोक स्वतःहून विचारतील, बहुधा एखाद्या अंत्यविधीनंतर. तेव्हा मंगळवारची एक मिस्सा सुरू करा.